दीर्घिकांच्या टकरीत वायू इतका तापतो, मग त्यातून नवे तारे कसे जन्मतात?

तापलेल्या वायूतून नाहीच जन्मत. क्रम उलटा आहे. हस्त नक्षत्रातल्या अँटेना दीर्घिका (खगोलीय यादीतलं नाव एनजीसी ४०३८ आणि ४०३९) बघा. टकरीत तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, मधे जागाच एवढी असते! आदळतात ते वायूचे थंड ढग. ते दाबले जातात आणि ताऱ्यांचं पीक येतं, विशेषतः दोन्ही दीर्घिका एकमेकींवर चढल्यात तिथे. त्यातले महाकाय तारे तीसेक लाख ते काही कोटी वर्षांतच फुटतात आणि आसपासचा वायू लाखो अंशांवर नेतात. नासाच्या ‘चंद्रा’ या अवकाश दुर्बिणीला तो क्ष-किरणांत दिसला. निऑन, मॅग्नेशियम, सिलिकॉनने भरलेला. त्यातून पुन्हा तारे हवे असतील तर तो आधी निवायला हवा.