जाळ्यातली गाठ

नाशिकच्या एका जीवशास्त्र शिक्षिकेने विचारले आहे: 'नेटवर्क'साठी वर्गात 'साखळी' म्हटले तर चालेल का, आणि त्यातले धागे जिथे जुळतात त्या 'नोड'ला काय म्हणावे? कुठल्याशा यादीत त्यांना 'पात' हा शब्द मिळाला, पण मुलांना तो काही केल्या कळेना.

साखळी चालणार नाही. रस्त्यांची साखळी, दलालांची साखळी, संसर्गाची साखळी... बातम्यांत हे रोज ऐकून कान किटले. साखळी म्हणजे संस्कृत शृंखला. तिची कडी फक्त मागच्या-पुढच्या कडीला धरून असते, आणि मधली कुठलीही एक निघाली की दोन तुकडे. साथ अशी एका रांगेत चालत नाही. बाई, तुमच्याच पाठ्यपुस्तकात अन्नसाखळी आणि अन्नजाळे हे दोन्ही शब्द आहेत. गवत, नाकतोडा, बेडूक, साप ही साखळी. त्याच बेडकाला बगळाही खातो आणि नाकतोड्यावर पक्षीही टपलेले असतात, म्हटले की जाळे झाले.

जाळे म्हणजे संस्कृत जाल, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचे आहे गाठीबद्दल.

'नोड' आला लॅटिन 'नोडस'वरून आणि त्याचा अर्थच मुळी गाठ. मग 'पात' कुठून आला? खगोलातून. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेला, जिथे छेदते ते दोन बिंदू, म्हणजे आपले राहू-केतू, हे पात. आकाशात तो शब्द शोभतो. तोच उचलून ज्यांनी माणसांच्या आणि प्रथिनांच्या जाळ्यात बसवला, त्यांनी कोश उघडला, पण जाळे कधी हातात घेऊन पाहिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाठ म्हणजे संस्कृत ग्रंथि, प्राकृत गंठि. आणि 'ग्रंथ' हा तिचा सख्खा भाऊ! ताडपत्रे दोरीत ओवून बांधली की झाला ग्रंथ. १८४० साली सुरू झालेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन 'ग्रंथ' मागतो तेव्हा आपण गाठ मारलेली वस्तूच मागत असतो. मराठीने तर या शब्दाला कुठल्या कुठे नेले: लग्नगाठ, गाठोडे, गाठीला असलेला पैसा, धावत जाऊन गाठलेली शेवटची बस. आणि सगळ्यांत सुंदर म्हणजे, वाटेत माणूस भेटला की आपण म्हणतो 'गाठ पडली'. दोन माणसे समोरासमोर आली की दोन धागे एकमेकांत अडकले, हे ज्याला पहिल्यांदा सुचले त्याला जाळ्याचे शास्त्र निम्मे समजले होते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली तेच आकड्यांत मांडले. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, ज्याने ही खबर दिली त्याची आणि तुमची गाठ कितीदा पडायची? नेहमी, असे सांगणारे जेमतेम १७ टक्के. अधूनमधून म्हणणारे जवळपास ५६. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतेच. नवी बातमी येते ती तोंडओळखीतून. (त्यांच्या 'वीक टाय'ला 'दुर्बल बंध' म्हणतात. तोंडओळख हा शब्द असताना!)

गंगापूर धरणाच्या काठावर एकदा जाळे सांधणाऱ्या एका काकांजवळ बसलो होतो. स्वेटरचा एक टाका सुटला की ओळच्या ओळ उसवते. जाळ्याचा धागा तुटला तर भोक पडते, पण शेजारची घरे जागच्या जागी राहतात, कारण प्रत्येक गाठ ही निरगाठ असते. काका म्हणाले, "धाग्याचं काय नाय, गाठ सरकली नाय पाहिजे." २००१ मध्ये जाळ्यांचे अभ्यासक बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यीस्टच्या प्रथिनांच्या जाळ्यात असेच काहीसे दिसले. इथे प्रत्येक प्रथिन ही गाठ, आणि दोन प्रथिने एकमेकांशी जुळत असली की त्यांच्यात धागा. पाच किंवा त्याहून कमी धागे असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे २१ टक्केच अशी होती, की ती काढल्यावर पेशी मरते. पंधराहून अधिक धागे असलेल्यांत हेच प्रमाण ६२ टक्के.

अशा दाट गाठीला 'हब' म्हणतात. तिथे कृपा करून 'केंद्र' लिहू नका. केंद्र हा मुळात ग्रीक शब्द, वर्तुळाच्या मधला एकच बिंदू. द्वारका चौक काही नाशिकच्या मधोमध नाही. पण मुंबई-आग्रा आणि पुण्याचा रस्ता तिथे एकमेकांना मिळतात, म्हणून तिथे कोंडी झाली की पार नाशिकरोडकडे जाणाराही अडकतो. 'मोठी गाठ' म्हणा, मुलांना चटकन कळेल.

गाठ म्हटले की मुलांना आजार आठवेल, ही शंका मला ठाऊक आहे. आठवू द्या. काखेतल्या ज्या गाठीला डॉक्टर 'लिम्फ नोड' म्हणतात, तिथेही नोड म्हणजे गाठच. आणि दोन गाठींना जोडणाऱ्या 'एज'ला 'कडा' म्हणू नका. कडा त्र्यंबकच्या डोंगराला असतो, जाळ्यात असतो तो धागा.