शँपेनमधला डिसेंबर: ऑफिसात माणूस आहे तोवर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टात अमेरिकेत अर्बाना-शँपेनला, इलिनॉय युनिव्हर्सिटीत एम.एस.ला आलीस, डिसेंबरात नाशिकला जाऊन यायचं आहे, रूममेट मात्र तिथेच थांबणार आहे. तर सुट्टीआधी कॅम्पसवर काय उरकावं आणि काय चुकवू नये. मी तिथे आधी मास्टर्स आणि मग पीएचडी अशी सात वर्षं काढली, म्हणजे सात डिसेंबर. त्या हक्काने 'तू' म्हणतोय, राग नको.

पहिलं म्हणजे कॅलेंडर नीट बघ. शेवटचे वर्ग बुधवारी, गुरुवारी रीडिंग डे (अभ्यासासाठी मोकळा दिवस), शुक्रवारपासून परीक्षा. नवीन सत्राचे वर्ग थेट जानेवारीत, मार्टिन लूथर किंग दिनाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी. एवढी महिनाभराची सुट्टी बघून सगळ्यांना वाटतं, पेपर संपले की निवांत कामं करू. तिथेच फसतात. परीक्षेच्या आठवड्यात सगळ्या ऑफिसांत झुंबड असते आणि नाताळ ते नववर्ष युनिव्हर्सिटी जवळजवळ बंदच. इमारती, बसथांबे जागच्या जागी असतात, सही करणारा माणूस तेवढा नसतो. म्हणून ज्या कामाला माणूस लागतो ते थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) सुट्टीहून परतल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात कर. जे नुसत्या वेबसाइटवर होतं, ते विमानतळावर बसूनही करता येईल.

तुझ्यासाठी असं सगळ्यांत मोठं काम म्हणजे आय-20 वरची, म्हणजे युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरची, ट्रॅव्हल सही. नव्याने आलेल्यांच्या आय-20 च्या दुसऱ्या पानावर ती बहुतेक नसतेच, आणि परत येताना ती लागते. एकदा घेतली की शिकत असेपर्यंत वर्षभर चालते (ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर, सहाच महिने). माझ्या एका सोलापूरच्या ज्युनियरने शिकागोच्या ओहेअर विमानतळाला जाणाऱ्या बसमध्ये सहज म्हणून फोल्डर उघडलं, तर दुसरं पान कोरं. तारीख 23 डिसेंबर. आता सही केलेला आय-20 ईमेलने येतो हे खरं, पण सही करणारा अधिकारी टेबलावर हवा ना! बिचाऱ्याची निम्मी सुट्टी ईमेल बघण्यात गेली. शेवटी जानेवारीत पीडीएफ आली आणि त्याने ती सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतली. तुझा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आणि मुदतीत असेल तर नव्याने व्हिसा घ्यायची (स्टँपिंगची) भानगड नाही. तरी तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

टीए (शिकवण्यात मदत करणारी) असशील तर पेपर तपासून ग्रेड जाईपर्यंत तिकीट काढू नकोस. आरए (प्रोफेसरच्या संशोधनात मदत करणारी) असशील तर सुट्टी म्हणजे सुट्टी हे गृहीत धरू नकोस. प्रोफेसरना तारखा ईमेलवर लिहून कळव आणि त्यांचं 'ओके' जपून ठेव. तोंडी 'शुअर, शुअर' जानेवारीत कुणाला आठवत नाही. रूममेटला मात्र यात एक फायदा आहे. एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांचीच मर्यादा असते, अधिकृत सुट्टीत त्याहून जास्त काम चालतं. पण सुट्टीतल्या शिफ्टा नोव्हेंबर संपतानाच वाटून होतात, तेव्हा तिला आजच विचारायला सांग.

मॅकिन्लीत, म्हणजे कॅम्पसच्या दवाखान्यात जाऊन फ्लूची लस घे, दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या लायब्ररीतून आय-शेअरवर (इलिनॉयमधल्या लायब्रऱ्यांच्या सामाईक यादीवर) मागवायची पुस्तकंही आत्ताच मागव, सुट्टीत ती गाडी मंदावते.

आता मजेचं. परीक्षेच्या दिवसांत फुकट पिझ्झा, कॉफी, चित्रं रंगवायची टेबलं असं बरंच काही चालू असतं. ग्रॅड विद्यार्थी 'हे अंडरग्रॅडच्या पोरांसाठी' म्हणून नाक मुरडतात. मीही तीन वर्षं मुरडलं. चौथ्या वर्षी लायब्ररीत ताण हलका करायला शिकवलेली कुत्री (थेरपी डॉग्ज) आणली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्या लॅब्रडॉरने माझ्या बुटावर हनुवटी टेकली आणि मी वीस मिनिटं पाय हलवला नाही. त्या सत्रात कुणी मला हात लावून बोललं असेल तर तो डॉक्टर, हे तेव्हा लक्षात आलं. तर लाजू नकोस, जा. आइस अरीनालाही एकदा जाऊन ये. 1931 साली बांधलेली आहे, आत शिरल्याबरोबर थंड, जुना वास येतो. आपटशील, पण सगळेच आपटतात.

रूममेटचं जरा गंभीरपणे घे. रिकामं शँपेन अंगावर येतं. साडेचारला अंधार, कॅम्पसच्या बसच्या फेऱ्या कमी, जेवणाचे कट्टे बंद. तिला आधीच सांग की कोण कोण थांबतंय त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा आणि पाळीपाळीने एकेकाकडे खिचडी तरी टाका. शिकागो तीनेक तासांवर आहे, ॲमट्रॅकची रेल्वे थेट जाते. डेली प्लाझातला ख्रिसमसचा बाजार 24 डिसेंबरला आवरतो, त्याआधी जा म्हणावं. काउन्सेलिंगची वेळ लागत असेल तर तीही आत्ताच. रात्री-अपरात्री फारच वाटलं तर 988 या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला फोन करायचा, तो सुट्टीतही चालू असतो.

रूममेटही कुठे गेली आणि घर रिकामं राहणार असेल तर हीटर बंद करू नका, 55 फॅरनहाइटवर ठेवा. माझ्या पहिल्या डिसेंबरात मी बिल वाचवायला बंद करून गेलो. परत आलो तर सिंकखालचा पाइप पाणी गोठून फुटलेला, तिथे ठेवलेली वीस पौंडांची तांदळाची गोणी फुगून फाटलेली, आणि घरभर इडलीच्या पिठासारखा आंबूस वास. सोना मसुरी होता, अजून हळहळतो. इलिनॉयची थंडी चेष्टेची नाही. 2019 च्या जानेवारीत माउंट कॅरोलला उणे 39 सेल्सियसपर्यंत पारा उतरला होता. फारच पडणार असं सांगितलं तर सिंकखालची दारं उघडी ठेवायची आणि नळ बारीक धारेने सोडायचा, हे रूममेटला दाखवून जा. तीही नसेल तर पोस्टात टपाल थांबवून ठेवायला सांग, 30 दिवसांपर्यंत फुकट ठेवतात.

तिकिटाची तारीख ठरली की इथेच लिही. ओहेअरला कितीची बस धरायची ते सांगतो, बर्फाच्या दिवशी तो हिशेब वेगळा असतो.