ओपेथच्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये इयन अँडरसनचा आवाज फॅन्सना खटकतो का?

तुम्ही विचारलंय की स्वीडिश मेटल बँड ओपेथच्या २०२४ च्या अल्बममध्ये जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या गायक-बासरीवादक इयन अँडरसनला निवेदनासाठी का घेतलं, जुन्या फॅन्सना तो खटकतोय असं ऐकलं ते खरं का, आणि आमचं स्वतःचं मत काय. माझं मत आधीच सांगून टाकतो, मला अजिबात खटकत नाही, उलट तो आवाज काढला तर हा अल्बम अर्धा उरेल असं मला वाटतं. पण खटकणारे खूप आहेत हे खरंय आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या की ओपेथच्या फॅन्समध्ये २०११ पासून दोन तट आहेत. त्या वर्षी 'हेरिटेज' आला आणि बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्टने ग्रोल (घशातून गुरगुरत गाणं) करणं सोडलं, म्हणजे रेकॉर्डवर सोडलं, लाइव्ह जुनी गाणी वाजवताना तो करायचाच. मग 'पेल कम्युनियन', 'सॉर्सेरेस', 'इन काउडा वेनेनम' असे एकूण चार अल्बम गेले, सगळे सत्तरच्या दशकातल्या प्रॉगकडे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉककडे, झुकलेले, आणि एक तट म्हणत राहिला की बँड संपला, दुसरा म्हणत राहिला की आत्ता कुठे बँड मोठा झाला. मी स्वतः पहिल्या तटात वाढलो आणि हळूहळू दुसऱ्यात गेलो. २०१९ ला पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवाला ओपेथ आले होते तेव्हा आम्ही पाच जण गेलो होतो आणि परत येताना गाडीत याच विषयावर असं भांडण झालं की एक मित्र शिवाजीनगरलाच उतरून गेला, नंतर बोलायला लागला, पण महिनाभराने.

तर ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या अल्बममधलं पहिलं गाणं आलं आणि त्यात ग्रोल होता. २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर पहिल्यांदा, म्हणजे सोळा वर्षांनी. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री कोणी झोपलं नाही. लोक इतके आनंदात होते की त्याच गाण्यात एक म्हातारा माणूस मध्येच येऊन बोलतो याकडे बऱ्याच जणांचं लक्षच गेलं नाही, आणि नोव्हेंबरमध्ये पूर्ण अल्बम आला तेव्हा मात्र सगळ्यांचं गेलं.

नाराज लोक काय म्हणतात ते सांगतो. एक म्हणजे, गाणं तापत आलेलं असतं, रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी चाल) पकड घेत असतो आणि तेवढ्यात हा शांत ब्रिटिश आवाज येतो, त्यामुळे पकड सुटते. दुसरं, नाटकी वाटतं, रेडिओवरची श्रुतिका ऐकल्यासारखं. आणि तिसरं, जे मला सगळ्यात खरं वाटतं, की निवेदन हे दुसऱ्यांदा ऐकताना जड होतं, कारण गाण्यातला सूर शंभरदा ऐकता येतो पण बोललेलं वाक्य एकदा कळलं की कळलं. माझा एक मित्र अजूनही पहिलं गाणं लावतो आणि अँडरसन बोलायला लागला की पुढे सरकवतो. मी त्याला काही बोलत नाही, ऐकायची ज्याची त्याची रीत असते.

पण मला वाटतं हे लोक त्याला पाहुणा गायक म्हणून ऐकतायत आणि तिथे गफलत होते. प्रॉग मेटलमध्ये पाहुणा आवाज म्हटलं की आपल्याला साधारण एकच चाल माहिती आहे, एखादं पात्र असतं आणि ते पात्र गाणारा किंवा गाणारी बाहेरून येते. क्वीन्सराइकच्या १९८८ च्या 'ऑपरेशन: माइंडक्राइम'मध्ये पॅमेला मूर सिस्टर मेरी झाली होती. एरियनच्या 'द ह्युमन इक्वेशन'मध्ये तर खुद्द ओकरफेल्ट पाहुणा होता, भीती नावाचं पात्र गायला होता. ओपेथच्याच 'वॉटरशेड'मध्ये 'कॉइल' नावाचं छोटं गाणं आहे, त्यात नॅथली लोरिक्स गायली आहे आणि ते आजही माझ्या अंगावर काटा आणतं. हे सगळे गातात. अँडरसन या अल्बमवर गातच नाही, तो वाचतो, आणि तो जे वाचतो ते मृत्युपत्र आहे.

इथे गोष्ट सांगावी लागेल, ज्यांना स्वतः ऐकून शोधायची असेल त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडा.

पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, १९२० चं दशक, एक श्रीमंत कर्मठ घरमालक वारलाय आणि त्याचं मृत्युपत्र वाचायला मुलं जमली आहेत, दोन जुळी भावंडं आणि तिसरी एक पोलिओ झालेली मुलगी जी त्या घरात वाढली, पण ती इथे का आहे हेच जुळ्यांना कळत नाही. मग एकेका कलमात एकेक गोष्ट उघडी पडते. जुळी त्याची नाहीतच, मोलकरणीपासून झालेली ती मुलगी त्याची, आणि सगळी इस्टेट तिला. म्हणून पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, नुसतं कायद्याच्या कागदात असतं ते कलमाचं चिन्ह आणि आकडा, कलम १ पासून कलम ७ पर्यंत. आठव्या गाण्याला तेवढं नाव आहे, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड', त्यात मुलीला आईचं पत्र येतं आणि कळतं की तीही त्याची नव्हतीच.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगतो, विषय सोडून नाही, याच विषयाची आहे. माझे आजोबा गेले तेव्हा मी अकरावीत होतो. तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी गावच्या घरी माजघरात सतरंजी घातली, सगळे बसले आणि वकिलांनी चष्मा लावून मृत्युपत्र वाचायला घेतलं. गट नंबर, पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याची जमीन, विहिरीत चार आणे हिस्सा, असं चाललं होतं एका सुरात, आणि त्याच सुरात, आवाज तसूभरही न बदलता, त्यांनी वाचलं की माझ्या धाकट्या मुलास यातील काही देऊ नये, कारण त्यास ठाऊक आहे. आणि पुढे लगेच भांड्यांची यादी. माझा काका उठून ओसरीवर गेला. कोणी काही बोललं नाही कारण वाचन चालूच होतं, आणि ते थांबवायची कोणाची हिंमत नव्हती. आजोबांचा राग मी जिवंतपणी खूप पाहिला होता, ओरडणं, ताट भिरकावणं, पण त्या दिवशी वकिलांच्या त्या कोरड्या आवाजातून तो जसा लागला तसा आधी कधीच लागला नव्हता.

अँडरसनचा आवाज मला तिथे घेऊन गेला. ओकरफेल्टचा ग्रोल म्हणजे मेलेल्या माणसाचा राग, त्याचं क्लीन (ग्रोल नसलेलं) गाणं म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मनातलं, आणि अँडरसन म्हणजे कागद. ही विभागणी मी माझ्या ऐकण्यातून केलेली आहे, बँडने तशी आखून दिलीय असं मी म्हणत नाही. पण एकदा असं ऐकून बघा. रिफ तापत आलेला असताना तो मध्ये येतो ही तक्रार बरोबरच आहे, पण मृत्युपत्र असंच येतं, तुमच्या भावना भरून आलेल्या असतात आणि त्याला भांड्यांची यादी वाचायची असते.

आणि का अँडरसनच, तर ओकरफेल्ट आयुष्यभराचा सत्तरच्या प्रॉगचा वेडा, त्याला जेथ्रो टलचं आकर्षण असणारच. पण आवाजाचंही कारण मला पटतं. अँडरसनचा जन्म १९४७ चा, रेकॉर्ड आला तेव्हा ७७ वर्षांचा. ऐंशीच्या दशकात त्याचा गळा बिघडला तो पुरता सावरलाच नाही आणि २०२० मध्ये त्याने स्वतः सांगितलं की त्याला फुप्फुसाचा जुना आजार आहे. त्यामुळे त्याच्या बोलण्यात जो थोडा श्वास आणि थोडी खरखर आहे ती मेकअप करून आणलेली नाही. तीस वर्षांच्या कुठल्याही उत्तम व्हॉइस आर्टिस्टला घेतलं असतं तर ते नाटक झालं असतं.

मेटलवाल्यांचं आणि या माणसाचं एक जुनं खातंही आहे. १९८९ मध्ये ग्रॅमीने पहिल्यांदा हार्ड रॉक आणि मेटलला पुरस्कार दिला, सगळ्यांना वाटलं मेटालिकाला मिळणार आणि मिळाला जेथ्रो टलला, लोकांनी तिथे हुर्यो केली आणि पुढे कित्येक वर्षं मेटलहेड लोक बासरीवाल्या बँडला मेटलचं बक्षीस म्हणून चिडत राहिले. पस्तीस वर्षांनी तोच माणूस तीच बासरी घेऊन एका खऱ्या मेटल अल्बमवर येतो आणि कलम ४ मध्ये ती अशी वाजवतो की पुढे ग्रोल आला तरी कान अजून बासरीतच असतो, हे मला फार म्हणजे फार आवडलं. तसं ओपेथला बासरी नवी नाही, 'हेरिटेज'वर ब्योर्न येसन लिंडने वाजवली होती, पण ती या बासरीसारखी चिडकी नव्हती.

बाकी पाहुण्यांबद्दल थोडक्यात, कलम २ मध्ये मागे युरोप बँडचा जोई टेम्पेस्ट आहे, हो, 'द फायनल काउंटडाउन'वालाच, पण मागे मिसळून गेलाय, नाव वाचून शोधावं लागतं. कलम १ मध्ये ओकरफेल्टच्या धाकट्या मुलीचा आवाज आहे, तो लक्ष देऊन ऐका. ड्रमर वाल्टेरी वायरिनेनबद्दल मात्र दोन्ही तटांचं एकमत दिसतं, २०२२ ला आला, आधी पॅराडाइज लॉस्ट बँडमध्ये होता, आणि हा त्याचा ओपेथबरोबरचा पहिलाच स्टुडिओ अल्बम, आमच्या ग्रुपवर त्याच्याविरुद्ध एक अक्षर आलेलं नाही.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. गाणी फार वेळा वळतात, चार मिनिटांत सहा कल्पना, आणि त्यातली एखादी इतकी सुंदर असते की तिथे जरा थांबा हो असं म्हणावंसं वाटतं, पण हे थांबत नाहीत. ओपेथच्याच जुन्या 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये एकच रिफ घुसळत घुसळत तुम्हाला आत ओढायचा, ते इथे कमी आहे. जुने फॅन्स ग्रोल परत आला म्हणून खूश झाले आणि दोन आठवड्यांत गप्प झाले त्याचं कारण माझ्या मते अँडरसन नसून हे आहे. ग्रोल परत आला पण जुना ओपेथ परत आला नाही, आणि चिडायला समोर बोलणारा म्हातारा सापडला.

तुम्ही पहिल्यांदा ऐकणार असाल तर सुटं गाणं लावू नका, सगळा मिळून पन्नासेक मिनिटांचा आहे, रात्री हेडफोन लावून, शब्द समोर ठेवून सलग ऐका. आणि एक गोष्ट मला चौथ्या की पाचव्या वेळी लक्षात आली ती सांगतो. अँडरसन बोलतो ते कलम १, २, ४ आणि ७ मध्ये. आठव्या गाण्यात मृत्युपत्र संपलेलं आहे, मुलगी एकटी आईचं पत्र वाचतेय, ग्रोल नाही, निवेदनही नाही, आणि तिथे अँडरसन आहे पण फक्त बासरी वाजवतो.