तुझा प्रश्नचिन्हवाला ऑपरेटर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा रात्रीच वाचून काढला. जावास्क्रिप्टसारखा '?.' पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतही हवा, म्हणजे साखळीत मधेच कुठे 'नन' (पायथॉनचं 'इथे काहीच नाही') निघालं तरी प्रोग्रॅम कोसळणार नाही, ही कल्पना चांगली आहे. इतकी चांगली, की ती २०१५ सालीच लिहिली गेली आहे. पेप ५०५ काढून बघ; पेप म्हणजे पायथॉनमध्ये बदल सुचवणारा अधिकृत प्रस्ताव. '?.' आहे, जोडीला 'नन' असेल तर पर्यायी किंमत देणारा '??' आहे, सगळं तपशीलवार. मंजूर नाही, नामंजूरही नाही. शेरा आहे 'डिफर्ड', म्हणजे पुढे ढकललेला. दहा वर्षं घोंगडं भिजत पडलंय.

हिरमुसू नकोस. तू शेवटी जे विचारलंस, 'किती मतं मिळाली की बदल होतो?', त्याची मला जास्त काळजी वाटली, कारण घोडं तिथेच पेंड खातंय.

मतदान त्यांनी करून पाहिलंय. 'अट खरी असेल तर हे, नाहीतर ते' असं एका ओळीत लिहायची सोय पायथॉनमध्ये पूर्वी नव्हती. २००३ मध्ये पेप ३०८ वर लोकांची मतं घेतली. अशी काहीतरी सोय हवी, इथपर्यंत बऱ्याच जणांचं जमलं. पण नेमकं रूप कोणतं, यावर एकालाही बहुमत मिळेना. शेवटी गिदो व्हॅन रोसमने, म्हणजे भाषेच्या जन्मदात्यानेच, एक रूप निवडलं आणि ते २००६ च्या २.५ आवृत्तीत आलं. अट मधोमध असलेलं ते रूप मला अजूनही जरा वाकडंच वाटतं. वापरतो मात्र रोज.

तेव्हा गिदोला गमतीने 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणत. शेवटचा शब्द त्याचा. तो काळ संपला ':=' या चिन्हापायी. फाइलचा एक तुकडा वाचायचा, तो रिकामा नसेल तोवर फेऱ्या मारायच्या, हे तूही लिहिलं असशील. वाचण्याची ओळ एकदा फेरीच्या आधी आणि तीच पुन्हा फेरीच्या शेवटी लिहावी लागायची. एकीकडे बदललं आणि दुसरीकडे विसरलं की झालीच रात्रीची जागरणं. ':=' मुळे ते एका ओळीत होतं. एवढीशी गोष्ट! पण पेप ५७२ वर, म्हणजे याच चिन्हाच्या प्रस्तावावर, जे रण माजलं, त्यात 'पायथॉनचा साधेपणा गेला' इथपासून काय काय म्हटलं गेलं. गिदोने तो मंजूर केला आणि १२ जुलै २०१८ ला पद सोडलं. एका प्रस्तावासाठी इतकं भांडायचं आणि वर इतक्या लोकांना आपला निर्णय नकोसा वाटायचा, हे पुन्हा करायची इच्छा नाही, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. वारसही नेमला नाही.

मग कारभार कसा चालवायचा, याचेच सात प्रस्ताव आले आणि डिसेंबर २०१८ मध्ये मुख्य डेव्हलपरांनी त्यातून पेप ८०१६ निवडला. तेव्हापासून पाच जणांचं स्टिअरिंग कौन्सिल आहे. प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर नवी निवडणूक होते, आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत. हे शेवटचं कलम मला फार आवडतं. आपल्या सोसायटीच्या कमिटीतही असायला हवं होतं. तर, मतं असतात ती माणसं निवडायला. प्रस्तावाचा निकाल ते पाच जण देतात, किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती.

आता तू म्हणशील, मग पाच जणांना पटवलं की झालं. नाही गं. त्या पाच जणांच्या डोक्यावर ओझं असतं ते चर्चेला न आलेल्या माणसाचं.

पेप ५६३ चं बघ. फंक्शनला जोडलेल्या टाइपच्या खुणा लगेच न तपासता नुसत्या मजकूर म्हणून ठेवायच्या, अशी ती सुधारणा. ३.७ आवृत्तीत ती मागेल त्याला मिळू लागली, ३.१० पासून सगळ्यांना लागू होणार असं ठरलेलं. मंजुरी होऊन वर्षं लोटली होती. आणि एप्रिल २०२१ मध्ये, ३.१० ची बीटा (चाचणीची) आवृत्ती तोंडावर असताना, डेटा तपासणाऱ्या पायडँटिक या लायब्ररीवाल्यांनी हाक दिली: आमची लायब्ररी प्रोग्रॅम चालू असताना याच खुणा वाचते, वेब-सेवा लिहायचं फास्टएपीआय आमच्यावर उभं आहे, हे केलंत तर मोडेल. कौन्सिलने ठरलेला बदल थांबवला. पुढे वेगळ्या वाटेने पेप ६४९ आला आणि तो प्रत्यक्षात उतरायला २०२५ ची ३.१४ उजाडली. काहींनी याला धरसोड म्हटलं. माझ्या मते तो त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय होता.

आणि प्रस्ताव मांडणाऱ्याने काम कसं करावं हे बघायचं असेल तर पेप ७०३ वाच. पायथॉनचं ते बदनाम कुलूप, जीआयएल, ज्याच्यामुळे एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामाची एक धार) पायथॉनचा कोड चालवू शकतो, ते काढायचे प्रयत्न नव्वदच्या दशकापासून चालले होते. कुलूप निघायचं, पण साधा एका थ्रेडचा प्रोग्रॅम मंदावायचा. २००७ मध्ये गिदोने अट सांगूनच टाकली: एका थ्रेडचा वेग घटत नसेल तरच पॅच (कोडमधला बदल) घेईन. सॅम ग्रॉसने २०२१ मध्ये आधी चालणारा नमुना लोकांच्या हातात दिला आणि पेप दाखल केला जानेवारी २०२३ मध्ये. वेग किती घटतो, हे त्याने स्वतःच मोजून मांडलं. कौन्सिलने ऑक्टोबरमध्ये मंजुरी दिली, तीही हप्त्याहप्त्याने: आधी प्रायोगिक, मग अधिकृत पण ऐच्छिक, आणि जमलं तर मग सगळ्यांसाठी. मधे फार मोडतोड दिसली तर माघार घ्यायचा हक्क राखून. ३.१३ मध्ये पहिला हप्ता, ३.१४ मध्ये दुसरा. तिसऱ्याची तारीख कुणी दिलेली नाही.

तुझ्या '?.' कडे येतो. पेप ५०५ मधला 'नाकारलेल्या कल्पना' हा भाग आधी वाच. पेपमध्ये मला सगळ्यात जास्त शिकवतो तो हाच भाग: विरोधकाचं म्हणणं आपल्याच हाताने, त्याला मान डोलवावीशी वाटेल इतकं नीट लिहायचं. तुझ्याविरुद्धचा खरा आक्षेप चिन्ह कुरूप असल्याचा नाही. 'नन' जिथे यायलाच नको होतं तिथे आलं, तर आज प्रोग्रॅम तिथेच बोंब मारतो. तुझा ऑपरेटर ते गिळून पुढे पाठवेल आणि चूक दहा फंक्शनं पलीकडे उगवेल. याला तुझ्या मसुद्यात एक ओळही उत्तर नाही.

मीही एकदा हाच शहाणपणा केला होता. एका प्रकल्पात (नाव राहू दे) फंक्शनची डीफॉल्ट किंमत (काही दिलं नाही तर धरली जाते ती) बदलायचा प्रस्ताव धाडला. तिथल्या बाईंनी एकच विचारलं, 'यावर आज कोणाचा कोड विसंबून आहे?' मी शोधायला बसलो, तर पहिला सापडला तो माझाच. गुपचूप मागे घेतला.

तू मुख्य डेव्हलपर नाहीस, त्यामुळे पेप दाखल करायला प्रायोजक, म्हणजे पाठीशी उभा राहणारा मुख्य डेव्हलपर, लागेल. तो मिळेल, पण नंतर. आधी तुमच्या कंपनीच्या कोडमध्ये 'नन आहे का' अशा तपासण्या लागोपाठ किती ठिकाणी आहेत ते मोज. त्यातल्या कितींमध्ये 'नन' येणं रास्त होतं आणि किती ठिकाणी ते बगचं पांघरूण होतं, हे वेगळं काढ. आकडा तुझ्या विरुद्ध गेला तरी मला पाठव.

आणि हो, दुसऱ्या परिच्छेदात 'ऑब्व्हियसली' तीनदा आलंय. तिन्ही ठिकाणी तिथे पुरावा हवा होता.

तुझा,
सर