दुकानातून घरचा कॉम्प्युटर उघडायचाय

प्रश्न: नमस्कार. शाहू मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे, राहायला कसबा बावड्यात. टॅलीचा सगळा हिशेब घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर, त्यामुळं सौद्यांच्या दिवसात एक आकडा बघायला घरी दोन-दोन फेऱ्या होतात. पुतण्या म्हणतोय राउटरमधे ३३८९ नंबरचा पोर्ट (म्हणजे बाहेरून आत यायचं दार) उघडला की घरचा स्क्रीन दुकानात दिसतो. उघडू का?
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, अजिबात उघडू नका, आणि पुतण्यानं आधीच उघडला असेल तर आत्ताच फोन करून बंद करायला सांगा. ३३८९ हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा, ठरलेला पोर्ट आहे, इंटरनेटवरचे पत्ते दिवसरात्र तपासणारे प्रोग्राम असतात, त्यांना बावडा काय नि बर्लिन काय सारखंच, दार उघडं दिसलं की एकामागून एक पासवर्ड मारून बघत बसतात. नंबर बदलला तरी शोधायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच. २०१९ मधे ब्लूकीप नावाची खोट सापडली तेव्हा तर पासवर्डसुद्धा लागत नव्हता, मायक्रोसॉफ्टनं सपोर्ट संपलेल्या जुन्या विंडोज एक्सपीसाठीपण दुरुस्ती काढली होती. असा कुणी आत शिरला की फायलींना कुलूप घालून पैसे मागतो, आणि तुमच्या फायलीत शेतकऱ्यांच्या पट्ट्या आहेत, उचल आहे, ते परत कुठनं आणणार?

मी टेलस्केल सांगीन, आपली मशीन इंटरनेटवरून खाजगीत जोडणारा प्रोग्राम. घरच्या आणि दुकानातल्या दोन्ही मशीनवर टाकायचं, एकाच अकाउंटनं लॉगिन करायचं, की दोघांत वायरगार्ड नावाच्या पद्धतीचा एनक्रिप्टेड, म्हणजे बाहेरच्याला वाचता न येणारा, बोगदा तयार होतो, घरचं मशीन स्वतःच बाहेर जोडून घेतं म्हणून राउटरला हात लावावा लागत नाही. प्रत्येक मशीनला १०० पासून सुरू होणारा पत्ता मिळतो, दुकानातून रिमोट डेस्कटॉपमधे घरचा तो पत्ता टाकायचा. मात्र ज्या अकाउंटनं लॉगिन कराल त्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावल्याशिवाय पुढं जाऊ नका, सगळी किल्ली तिथंच आहे.

आता एक अडचण. घरच्या मशीनवर विंडोज होम असेल तर त्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉपनं शिरता येत नाही, त्याला विंडोज प्रो लागतं (सेटिंग्जमधे सिस्टिम, मग अबाउट, तिथं दिसेल). होम असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरा, फुकट आहे, पिन किमान ६ आकडी लागतो, जन्मतारीख ठेवू नका.

घरचं मशीन झोपलं तर काहीच चालणार नाही, स्लीप बंद करा, आणि लाइट जाऊन आली की आपोआप चालू व्हायची सोय बऱ्याच मशीनच्या बायोसमधे (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधे) असते तीपण लावून ठेवा. टॅलीचा बॅकअप दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर, आणि घेऊन झाला की डिस्क काढून कपाटात, मशीनला लावून ठेवली तर तिच्यावरपण कुलूप पडेल.

सगळं झालं की घरच्या वायफायवर चाललं म्हणून थांबू नका, लॅपटॉपला मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघा, दुकानातनं कसं चालेल ते तेव्हाच कळेल.