इंग्रजी पाचवीपासूनचे, तांत्रिक लेखनाचे प्रशिक्षण घ्यावे का?

तांत्रिक लेखनाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणारी गोव्यातील मुले माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांची शंका एकच असते. प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत झालेले, इंग्रजी माध्यम पाचवीपासून सुरू झालेले. अशा स्थितीत यंत्रांची मॅन्युअल्स, सॉफ्टवेअरची मदतपाने किंवा औषध कारखान्यातील कार्यपद्धती इंग्रजीत लिहून पोट भरता येईल का, आणि त्यासाठी आधी पैसे भरून एखादा अभ्यासक्रम करावा का, असे ती विचारतात. पुढील अनुभव या शंकेच्या उत्तरादाखल सांगत आहे. संबंधित मुलीची संमती घेतली आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती डिचोली तालुक्यातील. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात क्यूए, म्हणजे गुणवत्ता हमी विभागात लागली होती. बॅच रेकॉर्ड, म्हणजे औषधाच्या प्रत्येक बॅचच्या उत्पादनाच्या नोंदी तपासणे, एसओपीची, म्हणजे लेखी कार्यपद्धतीची, नवी आवृत्ती निघाली की ती विभागाविभागांत पोहोचवून जुनी परत घेणे, कोणी खाडाखोड केली असेल तर त्यावर सही आणि तारीख आहे की नाही ते पाहणे, असे तिचे काम होते. कामाला ती कंटाळली नव्हती. पण हातात येणारी एसओपी वाचताना ‘हे असे का लिहिले आहे?’ हा प्रश्न तिला सारखा पडत असे. एका ऑनलाइन संस्थेने टेक्निकल रायटिंगच्या अभ्यासक्रमाची जाहिरात करताना नोकरीची हमी दिली होती. त्या अभ्यासक्रमाची फी मुलीच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी होती, आणि त्यासाठी नोकरी सोडावी की काय, या विचारात ती वडिलांना घेऊन आली.

वडिलांची काळजी निराळी होती. खाणी जोरात असताना त्यांनी कर्ज काढून खनिज वाहतुकीचा ट्रक घेतला होता. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद झाल्या, मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा थांबल्या. “मॅडम, ट्रक दारात उभा राहिला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. आता हिनेच मला वाचून दाखवलं, की या लोकांची अमेरिकेतली मोठी संस्था बंद पडली. मग आम्ही पैसे कशात घालतोय?” असे त्यांनी विचारले.

बातमी खरी होती. सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही तांत्रिक लेखकांची संस्था स्वतःची सुरुवात १९५३ सालापासून मोजत असे आणि जानेवारी २०२५मध्ये तिने आर्थिक अडचणींमुळे काम थांबवून दिवाळखोरीचा मार्ग धरला. मी त्यांना एवढेच दाखवून दिले, की ती सभासदांची संघटना होती, नोकऱ्या देणारा कारखाना नव्हता. जर्मनीतील टेकॉम ही १९७८पासूनची अशीच संघटना आजही चालू आहे. मात्र त्यांची भीती मी उडवून लावली नाही. इतरांनी लिहिलेली वाक्ये नीटनेटकी करून देणे, एवढेच ज्याचे काम आहे, त्याची जागा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आक्रसत आहे, असे माझे मत आहे आणि ते मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. जो माणूस यंत्रासमोर किंवा प्रयोगशाळेत उभा राहून प्रक्रिया समजून घेतो, अभियंत्याला अडचणीचे प्रश्न विचारतो आणि मसुद्यातील चूक ओळखू शकतो, त्याची गरज अधिक काळ राहील असे मला वाटते. हमी मात्र मी देऊ शकत नाही, आणि जाहिरातीतल्या संस्थेलाही ती देता येत नाही.

यानंतर मुलीने मूळ शंका काढली. “मॅडम, मीटिंगमध्ये इंग्रजी बोलताना मी अडखळते. पणजीच्या कॉन्व्हेंटमधल्या मुलींसमोर माझा काय निभाव लागणार?” बोलण्यातील सफाई आणि सूचना लिहिण्याचे कौशल्य या दोन गोष्टी आपल्याकडे सतत एकत्र बांधल्या जातात, म्हणून मी तिला विमान-देखभालीच्या पुस्तिकांसाठी तयार झालेल्या सोप्या इंग्रजीच्या नियमावलीविषयी सांगितले. एएसडी-एसटीई१०० या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या त्या नियमावलीनुसार कृती सांगणारे वाक्य २० शब्दांपलीकडे आणि वर्णन करणारे वाक्य २५ शब्दांपलीकडे जाऊ द्यायचे नसते, एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ ठेवायचा असतो आणि मान्य शब्दांची यादीही ठरलेली असते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशा देखभाल कर्मचाऱ्यांना चुकीचा अर्थ लागू नये, हा तिचा हेतू. इंग्रजी उशिरा शिकलेल्या माणसाला वाचक कुठे ठेचकाळेल हे बरेचदा आधी कळते. पण तेवढ्यावर भागत नाही. तिने लिहून आणलेल्या पानावर उपपदांच्या आणि काळांच्या बऱ्याच चुका होत्या, आणि त्या काही महिने रोज थोडे लिहून, कोणाकडून तरी तपासून घेतल्याशिवाय जाणार नाहीत, हेही मी तिला सांगितले. अशा वेळी खोटा धीर देणारे समुपदेशक मला मुळीच आवडत नाहीत.

फी भरण्याआधी एक काम कर, असे मी सुचवले. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कसे घालायचे, हे इंग्रजीत एका पानावर लिहायचे आणि ते पान अशा व्यक्तीला द्यायचे, जिने हे काम कधी केलेले नाही. त्या व्यक्तीने बॅटरीला हात न लावता केवळ बोटाने दाखवत आणि मोठ्याने बोलत प्रत्येक पायरी सांगायची, आणि लिहिणाऱ्याने तोंडातून शब्दही न काढता नोंद घ्यायची. पावसाळ्यात वीज जाणे तिकडे नित्याचेच, त्यामुळे विषय घरचाच होता. तिने शेजारच्या निवृत्त शिक्षिकांना बसवले. बाईंनी “आता बूच उघडलं” असे म्हणून खालची ओळ वाचली, तर तिथे लिहिले होते: बूच उघडण्यापूर्वी इन्व्हर्टर आणि मुख्य वीजपुरवठा बंद केल्याची खात्री करा. पुढे पाणी किती घालायचे, तर ‘पुरेसे’. बाई थांबल्या, चष्मा सारखा केला आणि “पुरेसं म्हणजे किती गं, बाय?” असे त्यांनी विचारले. बॅटरीतील पाण्याची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटवरच्या खुणेचा उल्लेख पानात कुठेच नव्हता. व्याकरणाची एक चूकही बाईंनी काढली नाही.

ते पान ती पुढच्या भेटीत घेऊन आली, तेव्हा त्याच्या चार आवृत्त्या झाल्या होत्या. धोक्याची सूचना कृतीच्या आधी आली होती, एका पायरीत एकच कृती राहिली होती, नळाचे पाणी का चालत नाही ते एका ओळीत होते आणि ‘पुरेसे’ जाऊन तिथे खूण आली होती. या व्यवसायाचे प्रशिक्षण म्हणजे मुख्यत्वे हेच, असे मी तिला म्हटले. साधने नंतर शिकता येतात. साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी करण्याची मार्कडाउन पद्धत काही दिवसांत हाताला बसते, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला थोडा अधिक वेळ लागतो. मजकूर छोट्या, पुन्हा वापरता येणाऱ्या घटकांत लिहिण्याची डिटा ही एक्सएमएल या खुणांच्या भाषेवर आधारलेली पद्धत आयबीएममध्ये जन्मली आणि २००५ साली ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ती मानक म्हणून स्वीकारली. मोठ्या कंपन्यांत तिचे ज्ञान उपयोगी पडते, पण पहिल्याच महिन्यात तिच्या मागे लागण्याचे कारण नाही. प्रारंभासाठी गूगलचे तांत्रिक लेखनाचे विनामूल्य अभ्यासक्रम पुरेसे आहेत.

पैसे भरायचेच झाले, तर त्या संस्थेला काय विचारावे, यावर आम्ही बराच वेळ दिला. माझे लेखन कोण तपासणार, त्या व्यक्तीने स्वतः या क्षेत्रात किती काम केले आहे, दुरुस्त केलेले पान पुन्हा लिहून घेतले जाते का, आणि अभ्यासक्रम संपताना माझ्या हातात एखाद्या उत्पादनाचा पूर्ण दस्तऐवज असेल की केवळ प्रमाणपत्र? तिने हे प्रश्न मेलने पाठवले. उत्तरादाखल सवलतीचा कूपन कोड आला. वडील त्यावर मनापासून हसले.

तिच्या बाबतीत आणखी एक वाट मला अधिक जवळची वाटली. औषधाच्या मंजुरीसाठी नियामकांकडे दिल्या जाणाऱ्या कॉमन टेक्निकल डॉक्युमेंटचे पाच भाग असतात आणि त्यातील तिसरा भाग औषधाच्या गुणवत्तेचा, म्हणजे घटक, उत्पादनप्रक्रिया, चाचण्या आणि टिकाऊपणा यांचा असतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या चमूला शून्यातून स्वतःची ओळख करून देण्यापेक्षा, जे बॅच रेकॉर्ड ती रोज हाताळते त्याच्याच ज्ञानावर रेग्युलेटरी लेखनाकडे, म्हणजे नियामकांसाठीच्या अशा दस्तऐवजांकडे, सरकणे सोपे आहे. सॉफ्टवेअर क्षेत्रातील तांत्रिक लेखनाच्या जागा पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे अधिक असतात आणि नवख्याला घरबसल्या काम मिळणे कठीण असते. गोव्यात मात्र वेर्णा, कुंडई परिसरात औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. एक सावधगिरी मी तिला आवर्जून सांगितली. कारखान्याची एसओपी, तिचा एखादा परिच्छेदसुद्धा, नमुना म्हणून मुलाखतीत दाखवायचा नाही. नमुने स्वतः तयार केलेलेच हवेत: इन्व्हर्टरचे पान, पाण्याच्या पंपाची दोषनिवारण सारणी, एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मदतपानात केलेली सुधारणा.

नोकरी तिने सोडलेली नाही. क्यूएच्या प्रमुखांना भेटून तिने एसओपींच्या पुनर्लेखनाचे काम मागून घेतले आणि पहिल्या मसुद्याची परीक्षा ती आता यंत्र चालवणाऱ्या कामगारांसमोर घेते. व्याकरणासाठी शेजारच्या बाई दर रविवारी तिची पाने लाल शाईने तपासून देतात. तीन नमुने पूर्ण झाले की रेग्युलेटरी विभागातील अंतर्गत जागेसाठी अर्ज करायचा, आणि पैसे देऊन करायच्या अभ्यासक्रमाचा विचार त्या मुलाखतीत काय कमी पडते ते पाहून करायचा, असे आमचे ठरले आहे. तिसरा नमुना, म्हणजे पंपाची सारणी, अजून अपुरा आहे; वडिलांच्या ओळखीचा एक मेकॅनिक तिला तो पंप खोलून दाखवणार आहे.