तुमच्या लहानपणी घराजवळ एखादी बंद पडलेली गिरणी होती का? तिथल्या आठवणी सांगाल का?

हो, होती. अगदी घरामागेच. लालबागला आमच्या चाळीच्या मागच्या गॅलरीत उभं राहिलं की समोर गिरणीची भिंत, भिंतीपलीकडे ते करवतीच्या दातांसारखं छप्पर आणि त्याच्या मागे चिमणी. माझा जन्म १९७९ चा, म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांचा, त्यामुळे त्या चिमणीतून धूर निघताना मला आठवतच नाही. भोंगा पण आठवत नाही. आई सांगते की तिचं सगळं घड्याळ भोंग्यावर होतं, पहिल्या भोंग्याला डबा भरायला घ्यायचा आणि दुसऱ्याला बाबा जिना उतरलेले असायचे.

आम्ही आत जायला लागलो ते साधारण ८७ पासून. भिंतीला एका जागी पिंपळ उगवला होता, त्याच्या मुळांनी दगड सरकलेले, तिथे पाय ठेवून चढायचं आणि पलीकडे राखेच्या ढिगावर उडी मारायची. आठ-दहा पोरं होतो, शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि थेट तिकडेच. अंगणात क्रिकेट, आतल्या खात्यांमध्ये लपाछपी. लाकडी बॉबिनी तर पोत्यांनी पडलेल्या असायच्या, त्यांचे स्टंप व्हायचे, आणि बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत गुंडाळायच्या कांड्या विटी म्हणून एकदम बरोबर मापाच्या.

आतलं सगळ्यात जास्त काय आठवतं तर उजेड. ते छप्पर तसं का असतं हे बाबांनीच नंतर सांगितलं, उत्तरेच्या बाजूला काचा असतात म्हणजे ऊन थेट आत येत नाही पण दिवसभर सारखा उजेड मिळतो, सुताचा तुटलेला धागा दिसायला हवा ना. निम्म्या काचा फुटलेल्या, कबुतरं भरलेली, पण भर दुपारीसुद्धा साचेखात्यात, म्हणजे साचे (कापड विणायचे माग) असलेल्या खात्यात, तो शांत पांढरा उजेड पसरलेला असायचा आणि कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचं पिंजण तसंच चिकटलेलं. वास मशीनच्या तेलाचा आणि कुजक्या कापसाचा. अजूनही एखाद्या गॅरेजमध्ये तसा वास आला की मी दोन मिनिटं उभा राहतो.

मागच्या बाजूला तळं होतं. बॉयलर-इंजिनसाठी आणि आग लागली तर पाणी हवं म्हणून गिरण्यांमध्ये अशी तळी असायचीच. आमच्यावेळी त्यात शेवाळ आणि बेडूक. त्याच्या काठावर जायची घरून सक्त मनाई होती आणि ती एक गोष्ट आम्ही खरंच पाळायचो, कारण त्या काठाला कठडाच नव्हता.

आता खुणांचं सांगतो, हे मी कुठे लिहिलेलं वाचलं नाही म्हणून मुद्दाम. साचेखात्यात आवाज एवढा असायचा की शेजारच्याशी बोलणं शक्यच नाही, त्यामुळे विणकर लोक खुणेनं आणि ओठांवरून बोलायचे. बाबा आणि चाळीतले त्यांच्या खात्यातले मित्र नंतर कित्येक वर्षं या गॅलरीतून त्या गॅलरीत तसेच बोलायचे, चहा प्यायला ये, पैसे आहेत का, सगळं हातानं. डोक्यावरची टोपी नीट करायची खूण म्हणजे जॉबर, खात्यातला मुकादम, आला. आम्ही पोरांनी ती उचलली, वॉचमन फेरीला निघाला की जो पहिला बघेल त्यानं डोक्यावर हात फिरवायचा आणि पूर्ण टोळी गायब, एक शब्द न बोलता. एकदा बाबांनी गॅलरीतून मला ती खूण करताना बघितलं. मला वाटलं आता मार पडणार, पण ते आत जाऊन बसले आणि संध्याकाळी जेवताना म्हणाले, "हात जरा अजून वर घ्यायचा असतो."

आणि तो धोटा, म्हणजे साच्यावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. ८९ च्या पावसाळ्यात मला एका मोडलेल्या साच्याखाली सापडला, वीतभरापेक्षा मोठा, गुळगुळीत लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोच्या, अगदी होडीसारखा. मी तो होडी म्हणूनच घरी आणला आणि मोरीत बादलीभर पाण्यात सोडला. बाबांनी बघितला, उचलला, लुंगीला पुसला, अंगठ्यानं बाजूचं बारीक भोक चाचपलं आणि तोंडाला लावून झटकन श्वास आत ओढला. असंच करायचे ते, कांडीचं सूत त्या भोकातून तोंडानं ओढून बाहेर काढायचे, पाळीत किती वेळा त्याला गणतीच नाही. तेव्हा आत कांडी नव्हती, सूत नव्हतं. ते जरा वेळ तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "पाण्यात नको टाकूस, लाकूड फुगतं." माझ्या हातात परत नाही दिला.

त्यानंतर मला तिथे खेळताना वेगळं वाटायला लागलं. म्हणजे खेळायचं थांबलो नाही, पण कुठला साचा बाबांचा असेल ते शोधायचो. ते दोन साचे चालवायचे, खिडकीकडच्या रांगेत, एवढंच माहीत होतं. मग ९१-९२ च्या सुमारास रात्रीचे ट्रक यायला लागले आणि साचे भंगारात जायला लागले. आम्ही गॅलरीत झोपायचो तेव्हा लोखंड तोडल्याचा आवाज यायचा. चाळीतल्या आज्ज्या आधी सांगायच्या की रात्री गिरणीत भुतं साचे चालवतात, त्या आवाजानंतर ती गोष्ट कोणी सांगेना.

संप अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा होता, डॉ. दत्ता सामंत पुढारी, आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बाबांनी पुढे भाजी विकली, वॉचमनकी केली. जमिनीचं म्हणाल तर १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जागेचे तीन वाटे होते, एक शहराला मोकळी जागा, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची करायची ठरलं, म्हणजे जिथे शेड उभ्या होत्या ती बहुतेक सगळी जागा त्यातून सुटली. मला याचा आजही राग येतो आणि मी तो लपवत नाही. आम्ही जिथे क्रिकेट खेळलो तिथे आज टॉवरचं पार्किंग आहे आणि चाळीतली पोरं खालच्या गल्लीत गाड्यांच्या मधून खेळतात.

कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली लॉटरी २०१२ ला निघाली. बाबांचा फॉर्म आहे, नंबर अजून लागलेला नाही. पात्रतेचे कागद द्यायला गेलो होतो तेव्हा त्यांनी त्यांची जुनी कापडी पिशवी माझ्याकडे दिली, त्यात तिकीट नंबरचं कार्ड, पीएफची स्लिप, पगाराच्या पावत्या. काउंटरवर पिशवी उघडली तर सगळ्यात वर तो धोटा होता. समोरच्या बाईंनी विचारलं हे काय, आणि मी सांगायच्या आत मागच्या रांगेतल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी एकदमच सांगितलं.